मलपृष्ठावरचा परिचय : आवडीनिवडी आणि जीवनदृष्टी यांबद्दल लेखकाने काय लिहावे?

माळरान :

नमस्कार. गेली बारा-तेरा वर्षे मी दिवाळी अंकांतून कथा लिहीत आहे आणि आता त्यांपैकी अकरा कथांचा पहिला संग्रह निघण्याच्या बेतात आहे. मुद्रिते तपासून झाली, मुखपृष्ठ ठरले, आणि आता आपले काम संपले असे वाटत असतानाच प्रकाशकांचा निरोप आला की, मलपृष्ठासाठी दीडशे शब्दांचा परिचय पाठवावा आणि त्यात जन्मगाव, शिक्षण व नोकरी यांच्याबरोबरच ‘लेखिकेच्या आवडीनिवडी, छंद आणि जीवनाकडे पाहण्याचा दृष्टिकोन’ हेही यावे. पहिल्या तीन गोष्टी मी पाच मिनिटांत लिहिल्या. उरलेल्या तीन गोष्टींपाशी अडून बसले आहे, त्याला आज अकरावा दिवस.

पहिल्या प्रयत्नात मी लिहिले होते : ‘वाचन, प्रवास, निसर्ग आणि शास्त्रीय संगीत यांची आवड. माणसांवर आणि जगण्यावर मनापासून प्रेम.’ रात्री ते ठीक वाटले. सकाळी वाचल्यावर वधू-वर सूचक मंडळाचा अर्ज भरल्यासारखे वाटले आणि मी ते खोडले. प्रवास म्हणावा तर गेल्या चार वर्षांत मी दोनदा गणपतीपुळ्याला आणि एकदा भाचीच्या लग्नासाठी नाशिकला गेले आहे. शास्त्रीय संगीत म्हणजे स्वयंपाक करताना आकाशवाणी चालू असते, एवढेच. मग कपाटातील वीसेक पुस्तके काढून त्यांची मलपृष्ठे वाचली. जवळजवळ सर्व लेखकांना निसर्ग प्रिय आहे. परंतु कोणते झाड प्रिय आहे, हे एकानेही सांगितलेले नाही.

खरे सांगायचे तर लेखन सोडून ज्या एका गोष्टीला मी आपण होऊन आणि नेमाने वेळ देते, ती म्हणजे गोधडी, आमच्या सांगलीकडचा शब्द वापरायचा तर वाकळ, शिवणे. रात्री जेवणे आटोपली की नऊपासून साडेदहापर्यंत मी जमिनीवर बसून शिवते. आत जुन्या सुती लुगड्यांचे आणि धोतरांचे तीन-चार पदर, वरून आणि खालून त्यातल्या त्यात धड कापड, चारी कडांना कच्चा टाका, आणि मग कडेपासून सुरुवात करून चौकोनात फिरत फिरत आत जाणारा धावदोरा. पहिली वाकळ मी सासूबाईंच्या नजरेखाली शिवली तेव्हा अर्ध्याहून अधिक काम झाल्यावर मधोमध कापडाचा मोठा झोळ जमला आणि तो काही केल्या निघेना. वरचा पदर सुईबरोबर किंचित पुढे सरकत असतो, आणि ते सरकणे प्रत्येक फेरीला थोडे थोडे टाक्यांतच जिरवून घ्यायचे असते, हे मला ठाऊक नव्हते. सासूबाईंना ते सुरुवातीपासून दिसत होते, तरी त्या बोलल्या नाहीत. झोळ जमल्यावर मात्र त्यांनी माझ्यासमोर कात्री ठेवली. सगळी वाकळ उसवावी लागली. कोणी यात कथालेखनाचे रूपक शोधू नये, अशी आधीच विनंती करते, कारण मला ते सापडलेले नाही आणि शोधण्याची इच्छाही नाही. मला ते काम आवडते, एवढेच आहे.

माझ्या घरी आणि कचेरीत हे सर्वांना माहीत आहे. परंतु लेखिका म्हणून जे मला ओळखतात, त्यांच्यापैकी एकालाही मी ते आजवर सांगितलेले नाही. का, ते मलाही नेमके सांगता येणार नाही.

तेव्हा विचारायचे ते असे. लेखकाच्या छंदाचा त्याच्या लेखनाशी वाचकाने दखल घ्यावी असा काही संबंध असतो का? की ती केवळ मलपृष्ठ भरण्याची सोय आहे? आणि जीवनाकडे पाहण्याचा आपला दृष्टिकोन कोणता, हे ज्याचे त्याला कळते कसे? अनुभवी मंडळींनी मोकळेपणाने लिहावे.

कागदघडी :

माळरानताई, आपला प्रश्न वाचताक्षणी अनिल अवचट आठवले, कारण स्वतःच्या छंदांविषयी इतक्या सविस्तर आणि निःसंकोचपणे लिहिणारा दुसरा मराठी लेखक निदान माझ्या वाचनात नाही. त्यांनी तर त्यावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. ओरिगामी, बासरी, लाकडातील शिल्पे, स्केचपेनने काढलेले मोर, स्वयंपाक, हातचलाखीचे प्रयोग, अशी ती यादी आहे. आता यांपैकी एकेक गोष्ट सुटी घेतली तर ती कोणत्याही हौशी माणसाच्या घरात सापडेल. प्रश्न पडतो तो ही यादी त्यांच्या उरलेल्या आयुष्याशेजारी ठेवली म्हणजे.

१९४४ साली ओतूरला जन्मलेल्या या माणसाने पुण्यात वैद्यकीय पदवी घेतली आणि डॉक्टरी करण्याऐवजी लेखणी धरली. बिहारमधील पूर्णिया भागातील दैन्यावरचे त्यांचे पहिले पुस्तक १९६९ सालचे आहे. त्यानंतर तंबाखूच्या वखारीतील बाया, हमाल, देवदासी, असे एकेक जग त्यांनी तिथे जाऊन, बसून, विचारून लिहिले. गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगर या अमली पदार्थाच्या, व्यसनावर त्यांनी केलेले लेखन आणि त्यांच्या पत्नी डॉ. सुनंदा (अनिता) अवचट यांचे मानसोपचाराचे काम यांतून, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या आर्थिक पाठबळावर, १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. असा माणूस कागदाचे पक्षी कसे करत बसतो, ही शंका अनेकांना येते, आणि तिचे ठरलेले उत्तर असे की, एवढे दुःख पाहिल्यावर मनाला विरंगुळा हवाच. मला हे उत्तर अपुरे वाटते. विरंगुळ्यासाठी माणूस पत्ते खेळतो किंवा झोपतो. एखाद्या गोष्टीवर इतकी पाने लिहीत नाही.

मी स्वतः चौदा वर्षे ओरिगामी करतो, म्हणून त्या बाजूने थोडे लिहितो. रूढ नियम असा की एकच चौरस कागद घ्यायचा, कात्री लावायची नाही आणि डिंकही लावायचा नाही. पहिली कर्णाची घडी घालताना टोकावर टोक केसाएवढे जरी चुकले, तरी त्या वेळी ते दिसत नाही. पंधराव्या-सोळाव्या घडीला पक्ष्याची चोच ओढायला जावे तेव्हा रंगीत कागदाच्या कडेतून मागची पांढरी बाजू डोकावू लागते. आता ती लपवता येत नाही, कारण लपवायला हातात दुसरे काहीच नाही. आपल्याकडे झोळ मधोमध जमतो, आमच्याकडे चूक टोकाला जाऊन बसते. घडीवरून नखाची पाठ फिरवली की ती कायमची होते, म्हणून नख फिरवण्याआधी क्षणभर थांबायचे असते. शिकणारी मुले नेमकी तिथेच घाई करतात. आधुनिक ओरिगामीचे जनक मानले जाणारे अकिरा योशिझावा यांनी घड्यांच्या आकृत्यांसाठी बाणांची आणि तुटक रेषांची खूणपद्धती रूढ केली, त्यामुळे जपानी न येणारा माणूसही जपानी पुस्तकावरून कागद घडवू शकतो. तरीही टोकावर टोक ठेवण्यापूर्वीचे ते थांबणे कोणत्याही आकृतीत दाखवता येत नाही.

अवचटांच्या छंदांत मला महत्त्वाची वाटते ती एकच गोष्ट : त्यांनी यांपैकी कशातही तज्ज्ञपणाचा आव आणला नाही. ज्याला एवढ्या सगळ्या गोष्टींत रमायचे असते, त्याला प्रत्येक ठिकाणी पुन्हा अडाणी होण्याची लाज वाटून चालत नाही. त्यांच्या वार्तांकनांतही हेच दिसते. हमालाला किंवा विडी वळणाऱ्या बाईला ते ‘तुमच्या समस्या काय?’ असे विचारत नाहीत. हे तुम्ही कसे करता, हात कुठे ठेवता, दिवसाला किती होते, असे विचारतात. पोते पाठीवर कसे घेतात हे ज्याला मनापासून जाणून घ्यायचे आहे, त्याला पोत्याखालच्या माणसाचे मणके आपोआप दिसतात. छंदामुळे ही नजर आली की नजरेमुळे छंद लागले, हे मी सांगू शकत नाही; पण दोन्हीकडे हात एकाच माणसाचे आहेत, हे निश्चित.

म्हणून माझे मत असे की वाकळ शिवता, हे सरळ लिहावे आणि दृष्टिकोनाचे वाक्य लिहूच नये.

नागझिऱ्याचा शेजारी :

कागदघडी यांनी चांगले लिहिले आहे, परंतु एक बाजू राहून गेली. छंद आणि दृष्टी एकाच माणसाची असतात हे खरे असले, तरी माणूस बदलतो, आणि कधीकधी छंदच त्याला बदलतो.

आमच्या गोंदिया जिल्ह्यातील नागझिऱ्याचे जंगल मराठी वाचकांच्या ओळखीचे झाले ते मुख्यतः व्यंकटेश माडगूळकर आणि मारुती चितमपल्ली या दोघांमुळे. चितमपल्ली वनखात्यातच होते, तेव्हा त्यांचे सोडा. माडगूळकर मात्र १९२७ साली माणदेशातील माडगूळला जन्मलेले. म्हणजे जिथे बाभळ आणि बोर हीच झाडी, अशा दुष्काळी मुलखातील. पुण्याच्या आकाशवाणीवर त्यांनी जवळजवळ तीस वर्षे नोकरी केली. चित्रकलेची ओढ लहानपणापासूनची, आणि शिकारीचीही. बंदूक घेऊन रान तुडवणे ही त्यांची केवळ हौस नव्हती. जनावर कुठे पाणी पिते, वारा कोणत्या बाजूचा, वाळलेल्या पानावर पाय कसा टाकायचा, हे सगळे शिकारी शिकतो ते जनावर मारण्यासाठी. पुढे बंदूक सुटली आणि हे सगळे शिकलेले तसेच उरले. मग तोच माणूस तितक्याच वेळ, तितक्याच दबकून बसू लागला, पण हातात रेखाटनाची वही घेऊन.

त्याचे फळ म्हणजे ‘सत्तांतर’ ही लहानशी कादंबरी, जिला १९८३ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तिच्यात माणूस जवळजवळ नाहीच. वानरांच्या टोळ्या आहेत, टोळीचा म्होरक्या आहे, आणि त्याला हुसकावून येणारा नवा नर आहे. नवा नर सत्ता घेतल्यावर आधीच्या नराची तान्ही पिले मारतो, हे वाचून अनेकांना ती लेखकाची कल्पना वाटते. ती कल्पना नाही. वानरांमधील ही शिशुहत्या पहिल्यांदा शास्त्रीय पद्धतीने नोंदवली ती युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकाने १९६०च्या दशकात, आणि तीही आपल्या शेजारच्या धारवाडच्या रानात. सत्तेसाठी मारणारा आणि सत्ता जाताच एकाकी पडणारा नर माडगूळकर ज्या थंडपणे रंगवतात, कोणाचीही बाजू घेत नाहीत आणि कोणाचा निषेधही करत नाहीत, तो थंडपणा मला एकेकाळच्या शिकाऱ्याचा वाटतो. केवळ निसर्गप्रेमी माणसाला ते पुस्तक असे लिहिता आले नसते.

आमच्या गावाच्या कडेला वानरे रोज येतात, सध्या तर तुरीच्या शेंगांसाठी घरापर्यंत येतात. गेल्या हिवाळ्यात टोळीतील मोठ्या नराच्या ओठावर ओली जखम दिसली आणि त्यानंतर चार दिवस टोळीतील माद्या पिले पोटाशी घट्ट धरून सर्वांत उंच फांद्यांवर बसत होत्या. खाली पडलेल्या शेंगांनाही त्या उतरल्या नाहीत. पुस्तक वाचलेले नसते तर मला त्यात थंडीशिवाय काही दिसले नसते.

सांगायचे ते असे की, १९५० साली माडगूळकरांकडून कोणी छंद लिहून मागितला असता तर ‘शिकार’ हा शब्द कदाचित आला असता, आणि आज तो कोणताही प्रकाशक छापणार नाही. ताई, आपल्या वाकळेचे तसे होणार नाही, हे उघड आहे. तरीही ‘जीवनदृष्टी’ म्हणून जे काही छापाल, ते दहा वर्षांनी आपल्यालाच परके वाटण्याची शक्यता धरून ठेवावी.

मागच्या बाकावरून :

धारवाडचा विषय निघालाच आहे, तर तिथल्याच दुसऱ्या एका माणसाचे नाव घेऊन मी विरोधी मत नोंदवतो. जी. ए. कुलकर्णी धारवाडच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवत होते. सभासमारंभ त्यांनी टाळले, मुलाखतींपासून ते दूर राहिले, आणि डोळ्यांवरचा काळा चष्मा हीच बहुतेक वाचकांना माहीत असलेली त्यांची ओळख राहिली. ‘काजळमाया’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि तिच्या प्रकाशनवर्षावरून वाद निघाला, तेव्हा त्यांनी तो पुरस्कारही परत केला. ते चित्रे काढत, चित्रपट आवडीने पाहत, अफाट वाचत, हे सर्वसामान्य वाचकाला सविस्तर कळले ते १९८७ मध्ये ते गेल्यानंतर त्यांची पत्रे खंडांमागून खंड प्रसिद्ध झाली तेव्हा. त्याआधीची कित्येक वर्षे लोक त्यांच्या कथा लेखकाबद्दल काहीही माहीत नसताना वाचत होते, आणि त्या कथांचे त्यावाचून काही अडले नाही.

उलट पत्रे वाचल्यानंतर माझेच थोडे नुकसान झाले, असे मी म्हणेन. कथेतील एखादा काळवंडलेला रंग आला की हा चित्रकाराचा डोळा, असे मन लगेच म्हणू लागते. आधी तो रंग नुसता रंग होता. कागदघडी आणि नागझिऱ्याचे शेजारी या दोघांनीही नेमके हेच केले आहे : आधी छंद कळला आणि मग लेखनात त्याच्या खुणा सापडल्या. अशा खुणा हव्या तिथे सापडतात. अवचट बुद्धिबळ खेळत असते, तर कागदघडी यांनी त्यांच्या वार्तांकनात चाली शोधल्या असत्या.

ताईंना माझा सल्ला असा की, जन्मगाव, शिक्षण आणि नोकरी एवढेच छापावे. दीडशे शब्द भरलेच पाहिजेत, असा कायदा नाही. प्रकाशकांना वाईट वाटेल, ते दोन दिवसांत ओसरेल.

प्रीतिसंगम :

मागच्या बाकावरून यांचा आक्षेप मला अर्धा पटतो. छंदाच्या खुणा ओढूनताणून काढू नयेत, हे योग्यच आहे. परंतु जी.एं.नी स्वतःविषयी बोलायचे नाही असे ठरवले होते, आणि माळरानताईंनी तसे काही ठरवलेले दिसत नाही. त्यांनी लिहिलेले एक वाक्य सर्वांच्या नजरेतून सुटले आहे : लेखिका म्हणून ओळखणाऱ्यांपैकी एकालाही वाकळेबद्दल सांगितलेले नाही, आणि का ते सांगता येत नाही. ताई, थोडे स्पष्ट लिहिते, राग मानू नये. ‘शास्त्रीय संगीत’ हे आपल्याला न शोभणारे असूनही आपण पहिल्या खेपेस लिहून टाकले, आणि रोज दीड तास जे करता ते लिहिले नाही; कारण वाकळ शिवणे हे आपल्याकडे छंदात धरलेच जात नाही. ते बाईचे घरकाम समजले जाते. पुरुषाने कागद घडवला तर तो कलंदर, बाईने चिंध्या जोडल्या तर ती काटकसरी.

मी कऱ्हाडची, म्हणून मला इथे दुर्गाबाई भागवत आठवणे साहजिक आहे. डिसेंबर १९७५ मध्ये आमच्या गावी साहित्य संमेलन झाले. आणीबाणी लागून सहा महिने झाले होते, स्वागताध्यक्ष होते केंद्रात मंत्री असलेले यशवंतराव चव्हाण, आणि अध्यक्ष दुर्गाबाई. त्याच मांडवात दुर्गाबाईंनी तुरुंगवासात आजारी पडलेल्या जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले आणि लेखनस्वातंत्र्यावरील बंधनांविरुद्ध उघड भूमिका घेतली. पुढे त्यांना अटकही झाली. आमच्या घरी अजूनही त्या संमेलनाचा विषय निघाला की आई आधी दुर्गाबाईंचा आवाज किती साधा होता ते सांगते, भाषण मग.

याच दुर्गाबाईंना स्वयंपाकात आणि भरतकाम-विणकामात उत्तम गती होती, आणि पाककृतींवर त्यांनी पुस्तकही लिहिले. त्यांच्यावरचे लेख वाचले तर ही गोष्ट बहुधा शेवटच्या परिच्छेदात येते आणि तिच्यात एक ‘सुद्धा’ असतो : एवढ्या मोठ्या विदुषी, तरी स्वयंपाकसुद्धा! मला हा ‘सुद्धा’ खुपतो. ज्या बाईने आयुष्यभर लोककथा, लोकगीते, व्रते आणि सण यांचा अभ्यास केला, तिच्या दृष्टीने कोणत्या सणाला कोणते पक्वान्न आणि ते तसेच का, हा अभ्यासाचाच विषय होता. चूल आणि एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय यांच्यामध्ये आपण भिंत घालतो. त्यांनी ती घातलेली दिसत नाही.

आणखी एक. ऐन उमेदीत मध्य प्रांतातील आदिवासी भागात संशोधनासाठी हिंडत असताना विषारी सुरण खाण्यात आल्याने त्या काही वर्षे अंथरुणाला खिळल्या आणि विद्यापीठीय संशोधनाचा मार्ग तिथेच तुटला. त्यानंतर त्यांचे ‘ऋतुचक्र’ आले, १९५६ साली. चैत्रापासून एकेक महिना घेऊन झाडे, पाने, आकाश आणि पाखरे यांच्याकडे पाहणारे ते पुस्तक मी दर पावसाळ्यात उघडते. ताईंनी वीस मलपृष्ठे वाचली आणि प्रिय झाड एकानेही सांगितले नाही, असे लिहिले आहे. इथे झाडांना नावे आहेत, आणि कोणत्या महिन्यात त्यांची पालवी कोणत्या रंगाची असते, हेही आहे. ‘निसर्गाची आवड’ असे शब्द लिहिण्याची गरज ज्याला पडत नाही, त्याच्याकडे ती असते, असे मी या पुस्तकावरून म्हणेन.

तेव्हा दृष्टिकोनाचे वाक्य लिहू नये, या कागदघडी यांच्या मताशी मी सहमत आहे. वाकळ मात्र लिहाच, आणि ‘गोधडीकला’ वगैरे भारदस्त शब्द न वापरता लिहा.

कागदघडी :

मागच्या बाकावरून यांचा बुद्धिबळाचा टोला मान्य. अवचटांच्या लेखनात मी घड्या शोधल्या, असे वाटले असेल तर तो माझ्या लिहिण्याचा दोष. माझा मुद्दा खुणांचा नव्हता. आपल्याला न येणाऱ्या गोष्टीसमोर माणूस कसा बसतो, याचा होता. ते बसणे छंदात दिसले काय किंवा मुलाखतीत, मला फरक पडत नाही. जी.एं.चे उदाहरण मात्र बिनतोड आहे, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

माळरान :

सर्वांचे मनापासून आभार. प्रीतिसंगम, राग मुळीच आला नाही; आपला प्रतिसाद वाचून मी काही वेळ गप्प बसले, एवढे खरे. काही वर्षांपूर्वी एका कथावाचनाच्या कार्यक्रमानंतर चहा घेताना एका ज्येष्ठ लेखकांनी मला विचारले होते की, लेखनाव्यतिरिक्त आपण काय करता? माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला तेव्हा सुईच्या मागच्या टोकाने पडलेला घट्टा होता, कारण अंगुस्तान घालून मला शिवता येत नाही. मी तो हात पदराखाली घेतला आणि ‘वाचन’ असे उत्तर दिले. हे मी विसरून गेले होते.

मागच्या बाकावरून यांचा सल्ला मी एक संध्याकाळभर अमलात आणून पाहिला. जन्मगाव, शिक्षण आणि नोकरी एवढेच ठेवल्यावर तो परिचय सहकारी संस्थेच्या ओळखपत्रासारखा दिसू लागला. जी.एं.ना ते शोभले, कारण त्यांच्या कथा तेवढ्या मोठ्या होत्या. नागझिऱ्याच्या शेजाऱ्यांनी दिलेला इशाराही लक्षात ठेवला आहे. म्हणून मनापासूनचे प्रेम, निष्ठा, श्रद्धा हे सगळे गाळले आहे आणि जे आज रात्रीही घडणार आहे तेवढेच ठेवले आहे. जन्मगावाचे पहिले वाक्य वगळून मसुदा इथे देते :

‘पंचवीस वर्षांपासून एका सहकारी संस्थेत लेखनिक. पहिली कथा वयाच्या पस्तिसाव्या वर्षी प्रसिद्ध. फावल्या वेळात जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवतात. आजवर एकोणतीस शिवून झाल्या असून त्यांपैकी तीन घरात आहेत, उरलेल्या नात्यातल्या बाळंतिणींकडे आणि शेजारी गेल्या. पहिली वाकळ उसवावी लागली होती. या संग्रहातील कथांपैकी दोन कथा पाच वेळा लिहिल्या आहेत. चिंचेचे झाड आवडते, त्याच्याखाली झोपू नये असे म्हणतात तरीही.’

चिंचेचे वाक्य प्रीतिसंगम यांच्यामुळे आले. त्याच्याखाली मी लहानपणी पुष्कळदा झोपले आहे. एकंदर पन्नासच्या पुढे शब्द झाले आहेत आणि प्रकाशकांना तेवढ्यावर भागवावे लागेल. काही खटकत असल्यास आज रात्रीपर्यंत कळवावे.

प्रीतिसंगम :

एकच शब्द खटकला. ‘फावल्या वेळात’ असे आपण लिहिले आहे. रोज नऊ ते साडेदहा हा वेळ फावला कसा?

माळरान :

बरोबर आहे. ‘रोज रात्री’ असे करून आत्ताच पाठवून दिले.